बरणीतलं तेल आणि बाबांच्या धमन्या

काकू, नमस्कार.

माझे बाबा 61 वर्षांचे आहेत, एसटीतून निवृत्त झालेत. मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि एक स्टेंट बसवला. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अटॉर्वास्टॅटिन 40 ही कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीपीची गोळी सुरू होती. या दिवाळीत आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, त्यांना अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची बाटली आणून दिली. आतोबा स्वतः त्या विकतात, महिन्याचा खर्च 2,800 रुपये. बाटलीवर लिहिलंय, 'रक्तवाहिन्यांची सूज उतरवते, नसा आतून स्वच्छ ठेवते.' बाबांना ते इतकं पटलं, की तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून टाकली. म्हणतात, "मले बरं वाटून राह्यलं. आता हे केमिकल कायले खायचं?" परवाच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 112 आणि दाह दाखवणारं एचएस-सीआरपी 4.6 आलंय. कॅप्सूलमध्ये ई जीवनसत्त्व 400 युनिट, सी 500 मिलिग्रॅम, बीटा कॅरोटीन 15 मिलिग्रॅम, सेलेनियम आणि काळ्या मिरीसह हळदीचा अर्क आहे. खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली तंबाखू-सुपारी, मात्र सुटलेला नाही, दिवसाला दोन पन्न्या होतातच. आणि शेजारच्या काकांनी सांगितलं, की हृदयाच्या गोळ्यांवर संत्री चालत नाहीत, म्हणून ऐन डिसेंबरात घरात संत्री बंद! अँटिऑक्सिडंटने नसांची सूज खरंच उतरते का? आतोबांना दुखवताही येत नाही. काय करू?

– एक लेक, नंदनवन, नागपूर

बेटा,

हे उत्तर पुढे वाचण्याआधी बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लाव. 'अटॉर्वास्टॅटिन तीन आठवड्यांपासून बंद आहे, एलडीएल 112 आलंय, परत कधी आणि किती सुरू करू?' एवढंच विचार. भेटीची तारीख पुढच्या महिन्यात असेल तर तोवर थांबू नकोस. स्टेंट बसलेल्या माणसाचं एलडीएल साधारण 55 च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, आणि स्टॅटिन, म्हणजे अटॉर्वास्टॅटिनच्या जातीचं औषध, थांबवलं की काही आठवड्यांत ते पुन्हा मूळ जागेवर जाऊन बसतं. 112 मध्ये तेच दिसतंय.

दुसरं काम म्हणजे अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी न होऊ देणाऱ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स हातात घेऊन त्या मोज. 'एकच गोळी बंद केली' असं सांगणाऱ्या माणसाने दोन किंवा तीन बंद केल्याचं मी कितीदा तरी पाहिलं आहे. वर्ष उलटल्यावर त्यातली एखादी कमी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात. घरच्या घरी थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते. आणि बाबांच्या छातीवर दाब आला, दरदरून घाम फुटला, चालताना दम लागला, तर कुणाचाही सल्ला वाचत बसू नकोस. 108 लाव.

झाला फोन? मग आता बसून बोलू.

बाबांचं एक म्हणणं बरोबर आहे, आणि ते त्यांना आधी सांग. धमनीचा आजार हा नळात गाळ साचण्यासारखा नसतो, तो दाहाचा आजार आहे. आपण 'नसांना सूज' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे मुरगळलेला घोटा येतो. धमनीत तसं काही फुगत नाही. तिथे पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, रसायनं सोडतात, भिंत चिडलेली राहते, आणि हे वर्षानुवर्षं न दुखता चालू असतं. त्यामुळे 'मला बरं वाटतंय' याचा धमनीच्या तब्येतीशी फारसा संबंध नाही. बाबांना अँजिओप्लास्टीची वेळ येण्याआधीही बरेच दिवस बहुधा बरंच वाटत असणार.

संत्र्याची फोड सोलताना पातळ पापुद्रा लागतो ना, त्याहून कितीतरी पातळ, एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून असतं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. या अस्तराचं मोल कळलं ते 1980 साली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. पट्टी कापताना आतलं अस्तर खरवडलं गेलं की एका ठरावीक औषधाने ती सैल पडत नसे. अस्तर शाबूत असेल तरच पडायची. म्हणजे सैल करणारा पदार्थ अस्तरातून येत होता. तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू निघाला, आणि 1998 मध्ये फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना त्यासाठी नोबेल मिळालं. बाबांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असेल बघ. तीसुद्धा शरीरात जाऊन हाच वायू देते.

हा वायू धमनी सैल ठेवतो, रक्तातल्या पेशींना भिंतीला चिकटू देत नाही, गुठळी होऊ देत नाही. त्याचा वैरी म्हणजे सुपरऑक्साइड, ऑक्सिजनचाच बिथरलेला अवतार. वाढलेलं बीपी, साखर, तंबाखू, धूर या सगळ्यांनी भिंतीतली काही एन्झाइमं तो जास्त बनवू लागतात. दोघं भेटले की नायट्रिक ऑक्साइड संपतो, आणि उरतो तो पेशींना इजा करणारा तिसराच पदार्थ.

दुसरीकडे एलडीएलचे कण या अस्तराखाली शिरून अडकतात आणि तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, खवट होणं. जवसाची चटणी करून बरणीत ठेवली आणि महिनाभर विसरली, तर जो वास येतो तीच ही क्रिया, स्निग्ध पदार्थाला ऑक्सिजनने खाणं. खवट झालेला एलडीएल कण शरीराला ओळखू येत नाही. सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी तो गिळतात, गिळतच राहतात, फेसाळ होऊन तिथेच मरतात, आणि त्यांच्या ढिगाऱ्याभोवती दाह पेटतो. अमेरिकेतल्या डॅनियल स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये हे चित्र नीट मांडलं, आणि ते मुळात आजही टिकून आहे.

मग बरोबर उलटा विचार सुचतोच. खवट होणं अँटिऑक्सिडंटने थांबतं, तेलाच्या कारखान्यातसुद्धा त्यासाठी ई जीवनसत्त्व घालतात, तर माणसाला का देऊ नये? बेटा, आतोबांना हसू नकोस. हा विचार माझाही होता. 1993 साली मी इथेच विद्यार्थ्यांना फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवत होते. त्या वर्षी अमेरिकेतून दोन मोठी निरीक्षणं आली. 87 हजारांवर परिचारिका आणि जवळपास 40 हजार पुरुष यांच्यात ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार बऱ्याच कमी प्रमाणात झालेला दिसला. मी वर्गात ते उत्साहाने शिकवलं. माझ्या वडिलांना तेव्हा अँजायना होता, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखायचं. मी त्यांना रोज 400 युनिटची एक कॅप्सूल सुरू केली, आणि सात वर्षं न चुकता देत राहिले.

निरीक्षणात एक गोम असते. जी माणसं स्वतःहून जीवनसत्त्वाची गोळी घेतात, ती बहुधा चालतातही, धूम्रपान कमी करतात, भाज्या खातात, तपासण्या करून घेतात. फायदा गोळीचा की त्या माणसांचा, हे कळायला चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी. 2000 साली होप नावाची तशी चाचणी प्रसिद्ध झाली. 55 वर्षांवरचे 9,541 लोक, रोज ई जीवनसत्त्व 400 युनिट, म्हणजे बाबांच्या बाटलीवर आहे तेवढंच, आणि सरासरी साडेचार वर्षं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक नाही. पुढे तेच लोक आणखी काही वर्षं पाहिले, तेव्हा कॅप्सूल घेणाऱ्यांत हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण थोडं जास्तच निघालं. मी वडिलांची कॅप्सूल बंद केली. त्यांना कारण सांगताना मला जड गेलं, कारण सात वर्षं मीच ती त्यांच्या हातावर ठेवत होते. ते पुढे वेगळ्या आजाराने गेले, कॅप्सूलने त्यांचं काही बिघडलं असं मला म्हणायचं नाही. पण तेव्हापासून, माझ्या मनाला पटलेली गोष्टही चाचणीतून गेल्याशिवाय मी कुणाच्या हातावर ठेवत नाही.

आता बाबांना जी चाचणी सांगावीशी वाटते ती 2002 सालची, इंग्लंडमधली. 20,536 लोक, बहुतेकांना आधीच हृदयविकार, पक्षाघात किंवा मधुमेह झालेला. त्यांच्यात एकाच वेळी दोन प्रश्न विचारले. अर्ध्या लोकांना पाच वर्षं रोज ई 600 मिलिग्रॅम, सी 250 मिलिग्रॅम आणि बीटा कॅरोटीन 20 मिलिग्रॅम. बाबांच्या बाटलीचं जुळं भावंडच म्हण. आणि वेगळ्या चिठ्ठीने अर्ध्या लोकांना स्टॅटिन. जीवनसत्त्वं पोटात पोचत होती यात शंका नाही, ई ची रक्तातली पातळी जवळपास दुप्पट झाली होती. तरी झटक्यांत काडीचा फरक नाही. स्टॅटिनच्या गटात मात्र झटके, पक्षाघात आणि धमन्यांवरच्या शस्त्रक्रिया मिळून जवळपास चौथा हिस्सा कमी झाल्या. तीच माणसं, तीच पाच वर्षं.

असं का झालं असावं, यावर मी पुष्कळ वाचलं. एक कारण रसायनाच्या वेगात आहे. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड एकमेकांना इतक्या झपाट्याने गाठतात, की सी जीवनसत्त्वाशी सुपरऑक्साइडची गाठ पडण्याचा वेग त्याच्या हजारो पट मागे राहतो. शरीराने म्हणूनच या कामाला स्वतःची एन्झाइमं ठेवली आहेत, आणि ती पेशीच्या आत, नेमक्या जागी काम करतात. वरून ओतलेलं जीवनसत्त्व तिथे उशिराच पोचतं. एका प्रयोगात धूम्रपान करणाऱ्यांच्या हाताच्या धमनीत सी जीवनसत्त्व थेट सोडलं तेव्हा धमनी लगेच चांगली सैल पडली होती, म्हणजे यंत्रणा खोटी नाही. पण तोंडाने घेतलेल्या गोळीने ती पातळी गाठताच येत नाही. दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की रक्त जवळपास भरलेलं असतं आणि जास्तीचं लघवीतून जातं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे ऑक्सिडंट नुसते गुंड नाहीत, ते निरोपेही आहेत. आपण चालतो तेव्हा स्नायूत ते थोडे वाढतात, आणि त्याच निरोपावर शरीर स्वतःची बचावाची एन्झाइमं जास्त बनवायला घेतं. 2009 मध्ये जर्मनीत जवळपास 40 तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना सोबत सी 1,000 मिलिग्रॅम आणि ई 400 युनिट दिलं. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, तो कॅप्सूल न घेणाऱ्यांतच सुधारला. कॅप्सूलने निरोपच पुसला.

आणि तिसरं कारण बरणीत आहे. तू खवट तेलात काय घालायचं याचा विचार करतेस. बरणीत तेलच कमी ठेवलं तर खवट व्हायला उरतं किती? स्टॅटिन तेच करतं. धमनीत शिरायला एलडीएलच कमी ठेवतं. शिवाय 2008 सालच्या एका मोठ्या चाचणीत, एलडीएल फारसं वाढलेलं नाही पण सीआरपी वाढलेलं आहे अशा 17,802 लोकांना रोझुवास्टॅटिन दिलं, तेव्हा सीआरपीही उतरलं आणि झटकेही घटले. म्हणजे नसांची 'सूज उतरवणारी' गोळी बाबांच्या डब्यात आधीपासून होती. तीच त्यांनी बंद केली.

'केमिकल' या शब्दाबद्दल त्यांना एक गोष्ट सांग. पहिलं स्टॅटिन अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाला 1970 च्या दशकात सापडलं. त्यांनी सहा हजारांच्या आसपास बुरशा आणि सूक्ष्मजीव तपासले, आणि ज्या बुरशीत ते मिळालं ती क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची होती. आतोबांच्या कॅप्सूलमधलं ई जीवनसत्त्व मात्र बहुधा कारखान्यात बनलेलं असेल. निसर्गातून आलं की कारखान्यातून, यावर औषधाचं बरंवाईट ठरत नाही.

आता ती बाटली. एक-एक घटक बघू.

बीटा कॅरोटीन घ्यायचं कारणच नाही. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज 20 मिलिग्रॅम दिलं, आणि 1994 मध्ये निकाल आला तो असा, की फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी 18 टक्क्यांनी वाढला. दोन वर्षांनी अमेरिकेतली अशीच एक चाचणी मध्येच थांबवावी लागली. बाबा बिडी ओढत नसले तरी तंबाखूच्या माणसाला बीटा कॅरोटीनचा डोस देणं मला मान्य नाही. गाजरातलं, आंबाडीतलं, पपईतलं कॅरोटीन खुशाल खावं.

ई 400 युनिटबद्दल वर सांगितलंच. बाबांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मोठ्या मात्रेतलं ई आणि हळदीचा अर्क, दोन्ही रक्त गोठण्यात थोडी आडकाठी करतात. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आधीच तेच करताहेत. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शी, असं काही दिसलं का, हे बाबांना नीट विचार. हळदीच्या अर्काचं दुसरं दुखणं यकृताचं. इटलीत 2019 मध्ये अशा कॅप्सूलनंतर कावीळ आणि यकृताचा दाह झाल्याची बरीच प्रकरणं नोंदली गेली. काळी मिरी मुद्दाम घालतात, कारण तिच्यातल्या पायपरिनमुळे हळदीतलं कर्क्युमिन अनेक पटींनी जास्त शोषलं जातं. पण तेच पायपरिन औषधं फोडणाऱ्या एन्झाइमांनाही मंदावू शकतं, आणि अटॉर्वास्टॅटिन फोडणारं एन्झाइम त्यातलंच आहे. म्हणून फोडणीतली चमचाभर हळद आणि ही कॅप्सूल एक नव्हे. हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असतं. वरणातली हळद बाबांनी आयुष्यभर खाल्ली आहे, तीच पुढेही खावी.

स्टॅटिन आणि ही कॅप्सूल दोन्ही चालू ठेवू, असा मधला तोडगा आतोबा सुचवतील. 2001 मध्ये 160 रुग्णांवर झालेल्या एका लहान चाचणीत स्टॅटिन आणि नायसिन (कोलेस्टेरॉलसाठी दिलेलं बी-3 जीवनसत्त्व) यांच्या सोबत अँटिऑक्सिडंट जोडले, तर चांगल्या कोलेस्टेरॉलची वाढ आणि धमन्यांमधला फायदा दोन्ही मंदावले. मी तो तोडगा घेणार नाही.

बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बघ. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर आपल्या कायद्याने 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ छापावी लागते. समोर 'सूज उतरवते' आणि मागे ही ओळ, दोन्ही बाबांच्या चष्म्यासमोर शेजारी-शेजारी धर. आणि 'एका कॅप्सूलमध्ये दहा फळांची ताकद' असे आकडे कुठे लिहिले असतील, तर तेही सोड. ते परीक्षानळीत मोजलेले असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची आपली यादी 2012 मध्ये मागे घेतली, कारण त्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ लागत नव्हता.

एचएस-सीआरपी 4.6 बघून घाबरू नकोस. सीआरपी यकृत बनवतं, शरीरात कुठेही दाह असला की वाढतं. एकच्या खाली चांगलं, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त, आणि दहाच्या वर असलं तर बहुधा कुठलातरी संसर्ग. थंडीत सर्दी-खोकला झाला होता का? आणि हिरड्या? खर्रा खाणाऱ्याच्या हिरड्या बहुतेक सुजलेल्याच असतात. तो दाहही याच आकड्यात उतरतो. दातांच्या डॉक्टरांकडे एकदा ने.

दाह कमी केल्याने झटके कमी होतात, हेही सिद्ध झालंय. 2017 मध्ये, आधी झटका येऊन गेलेल्या 10,061 लोकांना दाहाचा एक नेमका निरोप अडवणारं इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल जसंच्या तसं राहिलं, तरी एका मात्रेत झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून 15 टक्के घटले. पण जीवघेणे संसर्ग वाढले, आणि औषध भयंकर महाग, म्हणून ते हृदयासाठी वापरात आलं नाही. दाह अडवायचा तो असा, नेमक्या जागी. 'सगळ्या ऑक्सिडंटवर झाडू' हा तो मार्ग नव्हे.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, ते तू पत्रात एका ओळीत उरकलंस. खर्रा.

बेटा, बाबांच्या धमनीत सुपरऑक्साइड बनवणारी सगळ्यात मोठी भट्टी दिवसातून दोनदा पन्नीत घोटली जाते. नागपुरात खर्ऱ्याला कुणी व्यसन मानत नाही. लग्नात, मयतीत, कॉटन मार्केटच्या बोळात, ऑफिसच्या जिन्यात, तो असतोच. धूर नाही म्हणून हृदयाला धोका नाही, असं फार लोकांना वाटतं. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात नुसता चघळायचा तंबाखू खाणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसला. निकोटीन नाडी वाढवतं, बीपी चढवतं, धमनी आवळतं, आणि गालात धरलेल्या खर्ऱ्यातून ते अर्धा-अर्धा तास झिरपत राहतं. एक हात भट्टीत कोळसा टाकतोय आणि दुसरा 2,800 रुपयांचं पाणी शिंपडतोय, असं चाललंय.

पण बाबांवर ओरडून ते सुटणार नाही. बऱ्याच वर्षांची सवय आणि निकोटीनचं बंधन, दोन्ही खरे आहेत. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, 1800-11-2356. तिथे माणसं नीट बोलतात, पुन्हा फोनही करतात. निकोटीनचे च्युइंगम किंवा पट्ट्या स्टेंटच्या रुग्णाला द्यायच्या की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरव. आणि महिन्याचे ते 2,800 रुपये दातांच्या डॉक्टरांवर आणि फळांवर खर्च कर.

फळांवरून आलं. संत्री लगेच सुरू करा! शेजारच्या काकांचा गोंधळ होणं समजू शकतं. अटॉर्वास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिनबरोबर ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जवळचं पपनस टाळायला सांगतात, कारण त्यातली काही द्रव्यं आतड्यातलं औषध फोडणारं एन्झाइम बंद पाडतात आणि गोळीची मात्रा रक्तात चढते. आपलं नागपुरी संत्रं मँडरिनच्या जातीचं, त्यात ही द्रव्यं नगण्य असतात. आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात ढिगाने येताहेत, ती सोडून घरात कॅप्सूल खाणं मला पाहवत नाही. रोज दोन संत्री, सोलून, फोडीच्या पापुद्र्यासकट आणि पांढऱ्या धाग्यांसकट. हेस्पेरिडिनसारखी द्रव्यं त्या धाग्यांत आणि पापुद्र्यातच जास्त असतात. रस काढू नका, त्यात चोथा जातो आणि साखर पटकन चढते. भारतीय पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व सुचवलेलं आहे. दोन संत्री आणि अर्धा पेरू यांत ते सहज होतं.

मग फळांतल्या द्रव्यांनी फायदा होतो आणि कॅप्सूलमधल्यांनी नाही, हे कसं? फळातली द्रव्यं रक्तात फार थोडी पोचतात, त्यामुळे ती स्वतः सुपरऑक्साइड पुसत असतील असं दिसत नाही. आतड्यातले जिवाणू त्यांचे तुकडे करतात, आणि ते तुकडे पेशीला आपला बचाव वाढवायचा हलका इशारा देतात, असं आता जास्त मानलं जातं. सोबत तंतू, पोटॅशियम असतं. आणि संत्रं खाणाऱ्याच्या पोटात तेवढा शेव-चिवडा कमी जातो, हा फायदाही लहान नाही.

जवस मात्र आपल्या विदर्भाची खरी ठेव आहे. कॅनडात 2013 मध्ये पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या 110 रुग्णांना सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस दिलं, तेव्हा वरचं बीपी दहा अंकांच्या आसपास उतरलं. अभ्यास लहान आहे, त्याच्या भरवशावर बीपीची गोळी हलवायची नाही. पण जवसाची चटणी ताटात रोज असायला हरकत नाही. मीठ अगदी कमी घाल, आणि आठवड्यापुरतीच कूट. जवस लवकर खवट होतं, हे तुझ्या आजीला माझ्याआधी ठाऊक होतं.

खवटाचाच धागा धरून, तर्री-पोहे आणि सावजी. मी बाबांना तोडायला सांगणार नाही, 61 वर्षांच्या नागपूरकराकडून तेवढं मागणं अन्याय होईल. महिन्या-दीड महिन्यातून एकदा, तर्री वरवरची नको, खालचा रस्सा घ्या. गाड्यावरचे भजी मात्र बंदच. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल कढईतच ऑक्सिडाइझ होऊन बसलेलं असतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून त्यातल्या खराब संयुगांना 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण संध्याकाळी सहाला त्या कढईत कोण मोजणार? घरीही तळणाचं तेल दुसऱ्यांदा वापरू नका.

आणि चालणं. रक्ताचा वेग वाढला की अस्तराला घर्षण जाणवतं, आणि तेच घर्षण नायट्रिक ऑक्साइड बनवायला सांगतं. बाटलीवर जे लिहिलंय ते खऱ्या अर्थाने करणारी हीच गोष्ट. डॉक्टरांनी परवानगी दिली की सकाळी अंबाझरीला ने, पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं पुरेत. डिसेंबरात पहाटे धुकं आणि धूर खाली बसलेला असतो, म्हणून ऊन चढल्यावर, आठनंतर. तू सोबत जा. एकट्याला पाठवलंस तर वाटेत पानठेला लागतो.

आतोबांचं काय? ते वाईट माणूस नाहीत, त्यांना सांगणाऱ्यानेच अर्धवट सांगितलंय. त्यांच्याशी तू वाद घालू नकोस. तू लहान आहेस, आणि मोठ्यांच्या मधे पडलीस तर आत्याचं घर दुखावेल. डॉक्टरांच्या भेटीला बाबांसोबत आतोबांनाच घेऊन जा. बाटली त्यांच्याच हातात दे. म्हण, "आतोबा, तुम्हीच डॉक्टरांना दाखवा, चालत असेल तर बाबा घेतील." मानही राहील, आणि नको म्हणायचं काम ज्याचं आहे तो करील. सहा-आठ आठवड्यांनी एलडीएल आणि यकृताची तपासणी पुन्हा करा. सीआरपी करायचंच असेल तर सर्दी, ताप, दातदुखी नसताना करा. आणि मला लिहून कळव, एलडीएल किती आलं आणि पन्न्या किती उरल्या.

तुझी,
काकू